सुपरमार्केटमध्ये जायचीच भीती बसलीय. ते खरंच उद्धट होते की मीच मनाला लावून घेतेय?

झोपेचं_खोबरं

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकला असतो. मुलगी साडेचार महिन्यांची आहे, सिझर झालं. सव्वा महिना माहेरी जळगावला होते, मग आईच इकडे येऊन राहिली आणि बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं म्हणून तिला परत जावं लागलं. नवरा सातपूरला एमआयडीसीत, शिफ्ट ड्युटी. आई गेली आणि मी कोसळलेच. खरं तर आधीपासून चालू होतं पण घरात माणूस असलं की झाकलं जातं. बाळ झोपलं तरी मला झोप नाही, ताट समोर आलं की नको वाटायचं, पोरीकडे बघून काहीच वाटायचं नाही आणि काहीच वाटत नाही म्हणून रडू यायचं. सगळे म्हणायचे ओली बाळंतीण आहे, होतं असं, अळीव खा, डिंकाचे लाडू खा. शेवटी अडीच महिन्यांच्या लसीला गेलो तेव्हा पोरीच्या डॉक्टरांनी सहज विचारलं 'आईचं कसं चाललंय' आणि मी तिथेच ढसाढसा रडायला लागले, बाहेर लाईनमधल्या बायका आत डोकावायला लागल्या. त्यांनीच सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. पोस्टनेटल डिप्रेशन. गोळी चालू होऊन ७ आठवडे झाले, अंगावर पाजत असताना चालणारी दिलीय, फरक आहे.

तर डॉक्टरांनी एक गृहपाठ दिलाय, रोज घराबाहेर पडायचं आणि एखादं तरी काम स्वतःच्या हाताने पूर्ण करून यायचं. मी सुपरमार्केट निवडलं. चालत ७ मिनिटांवर आहे, एसी आहे आणि मुख्य म्हणजे कोणाशी बोलावं लागणार नाही असं वाटलेलं. आता याचं मलाच हसू येतं.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. पोरगी कांगारू बॅगेत पुढे, डायपरची पिशवी खांद्याला. दारातच गार्डने पिशवी मागितली, काऊंटरला ठेवा म्हणे. मी म्हटलं बाळाचं सामान आहे, लागेल मध्येच. तर त्याने काही न बोलता पिशवीच्या चेनला ती प्लास्टिकची पट्टी ओढून बांधली, झालं, पिशवी सीलबंद. आत १० मिनिटांत पोरीने शी केली आणि पिशवी उघडेना. दातानेसुद्धा तुटत नाही ती पट्टी. परत दाराशी गेले तर गार्ड म्हणतो 'मॅडम बाहेर जाताना कापून मिळेल'. म्हणजे काय? ती किंचाळतेय, वास येतोय, लोक वळून बघतायत आणि याचं आपलं बाहेर जाताना.

मी म्हटलं जाऊदे, पटकन बिल करून निघू. रांगेत ६ जण. माझा नंबर आला तर काऊंटरवरची मुलगी टोमॅटोची पिशवी हातात धरून 'वजन नाही केलंय, स्टिकर लावून आणायचं असतं ना मॅडम', हे सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी म्हटलं टोमॅटो राहूदेत. मग पेमेंट. आत नेटवर्क नाही, यूपीआयचं ते गोल गोल फिरतंय, पैसे अकाऊंटमधून गेल्याचा मेसेज आला आणि त्यांच्याकडे काही दिसत नाही. ती म्हणाली 'परत करा'. मी म्हटलं कापले गेलेत, ४३७ रुपये. तर तिने शेजारच्या काऊंटरवाल्या मुलीकडे बघून डोळे वर केले आणि म्हणाली 'एवढं लहान बाळ घेऊन येतात कशाला कळत नाही'. हळू बोलली पण ऐकू यावं इतपतच हळू.

मी सगळं तिथेच सोडून निघाले. दारात गार्डने बिल मागितलं, बिल नाही म्हटल्यावर पिशवी चाचपून बघितली आणि मग पट्टी कापली. शेजारच्या एटीएमच्या पायरीवर बसून पोरीला बदललं. हात इतके थरथरत होते की डायपरची चिकटपट्टी तीनदा लावली. पैसे दोन दिवसांनी परत आले अकाऊंटला. मी नाही गेले परत. १२ दिवस झाले, उंबरठ्याबाहेर पाऊल नाही, सगळं ॲपवरून मागवते आणि बेल वाजली तरी पोटात गोळा येतो.

नवरा म्हणतो विषय सोड. आई फोनवर म्हणते तुझं हल्ली मन हळवं झालंय. मलाच कळेनासं झालंय. मीच वजन करायला विसरले, मीच कॅश नेली नाही, मीच गर्दीच्या वेळी गेले. धडधाकट बाई असती तर चार शब्द सुनावून आली असती नाहीतर विसरून गेली असती. ते लोक खरंच वाईट वागले की मला सगळंच टोचतंय? आणि परत कसं जायचं? पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंय आणि गृहपाठ झाला नाही हे सांगायचीपण लाज वाटतेय.

---

खमंग_थालीपीठ

अगं वाचूनच डोकं फिरलं माझं. बाळाच्या पिशवीला सील मारतात आणि वर उघडून देत नाहीत?? तू मनाला वगैरे काही लावून घेत नाहीयेस, ते उद्धटच होते, पूर्णविराम. मॅनेजरला लेखी तक्रार दे, तारीख, वेळ, काऊंटर नंबर घालून. बिल नसलं तरी यूपीआयच्या मेसेजवर वेळ असतेच. आणि ऐकत नसतील तर १९१५ ला लाव, ग्राहक हेल्पलाईन आहे सरकारी.

तळटीप

१९१५ जास्त किंमत लावली, खराब माल दिला, पैसे अडकवले अशा गोष्टींना बरी आहे, डोळे वर केले याची तक्रार तिथे कोण घेणार. पैसे परत आलेत. स्टोअर मॅनेजरला सांगणं ठीक, पण ते हिला आत्ता झेपणार आहे का हा प्रश्न आहे, उगाच अजून एक गृहपाठ नको तिच्या गळ्यात.

खमंग_थालीपीठ

बरं बरं. मग मीच जाते नाशिकला भांडायला.

---

काऊंटर_नंबर_चार

ताई मी साडेतीन वर्षं अशाच एका दुकानात कॅशवर होते, कल्याणला, आता सोडलंय. त्यामुळे आतली बाजू सांगते, त्या मुलीची वकिली करायला नाही.

पहिलं म्हणजे बिल होल्ड करता येतं. आमच्याकडे तरी एक बटण दाबलं की तुमचं बिल बाजूला आणि मागच्या माणसाचं चालू, तुमचे पैसे दिसले की परत उघडायचं. नेटवर्कमुळे पेमेंट लटकणं दिवसातून १५-२० वेळा होतं, त्यात नवीन काहीच नाही. तिने तेवढं केलं असतं तर रांग थांबली नसती आणि तुमच्याकडे कोणी वळून बघितलंही नसतं. नाही केलं, आळस म्हणा किंवा त्या दिवशी सुपरवायझर डोक्यावर उभा असेल. पण रांग तुमच्यामुळे नाही थांबली, एवढं लक्षात ठेवा.

स्टिकरचं पण तेच. वजनकाट्यावर मुलगा उभा असतो त्याला आवाज द्यायचा, तो येऊन घेऊन जातो, दोन मिनिटांचं काम. रोज निम्मे लोक विसरतात. आजोबा विसरतात, कॉलेजची मुलं विसरतात, एकदा आमचाच एरिया मॅनेजर साध्या कपड्यात आला आणि काकडी तशीच घेऊन आला रांगेत.

आता ती मुलगी अशी का वागली असेल. माझी ड्युटी ९ तासांची होती आणि बसायला स्टूल नव्हतं. केरळमध्ये २०१८ ला आणि तमिळनाडूत २०२१ ला दुकानातल्या कामगारांना बसायला जागा दिलीच पाहिजे असा कायदा केला, म्हणजे बघा हे कायद्याने सांगावं लागतं. संध्याकाळी पायाला गोळे यायचे. पाळीच्या दिवसात तर विचारूच नका. वर प्रत्येक गिऱ्हाईकाला मोबाईल नंबर विचारा, कॅरीबॅग विचारा, ऑफर सांगा आणि हसा. हसा हे खरंच लिहिलेलं होतं काऊंटरच्या आतल्या बाजूला, टेप लावून. कॅश कमी आली की पगारातून. मग सातव्या तासाला समोरचं माणूस माणूस दिसत नाही, ट्रॉली दिसते. मीही बोललेय लोकांना असं, एका बाईला तर इतकं लागेल असं बोलले होते की अजून आठवतं.

तरीपण 'बाळ घेऊन येतात कशाला' हे कोणी शिकवत नाही, ते तिचं स्वतःचं होतं. ते चुकीचंच.

परत जाणार असाल तर वेळ सांगते. महिन्याच्या १ ते १० तारखेत जाऊ नका, पगार झालेले असतात, महिन्याचा किराणा भरायला अख्खी खानदानं येतात. शनिवार रविवार नाही. मंगळवार बुधवार सकाळी ११ च्या सुमाराला दुकान रिकामं असतं. दारातला गार्ड बहुतेक एजन्सीचा असतो, त्याला पट्टी मारायची एवढंच सांगितलेलं असतं, कापायची परवानगी त्याला नसते म्हणून तो तसा बोलला. त्याच्याशी वाद नका घालू. कस्टमर सर्व्हिसच्या टेबलावर जाऊन आधीच सांगा की बाळाची पिशवी आहे, पट्टी नको, जाताना तपासा. ते मान डोलावतात, गार्डला खूण करतात, झालं. आणि थोडी कॅश ठेवा, सुट्टे असतील तर ती मुलगी स्वतःहून हसेल, पैज लावते.

---

जुनं_ते_सोनं

राग मानू नका पण आमच्या आयांनी पाच पाच मुलं वाढवली, चुलीवर रांधलं, विहिरीचं पाणी भरलं, त्यांना नव्हतं कधी डिप्रेशन बिप्रेशन. हल्ली कोणी जरा मोठ्याने बोललं की गोळ्या. दुकानात गेलं की धक्काबुक्की, बोलाबोली होणारच.

मधली_जाऊ

काका, होतं. नाव नव्हतं. माझ्या आजीची धाकटी जाऊ दुसऱ्या बाळंतपणानंतर परसात तासन् तास नुसती बसून राहायची, पोराला घेईना, तर तिला बाहेरचं लागलंय म्हणून अंगारा लावायचे. पोर आजीने वाढवलं. ती बाई पुढे ४० वर्षं 'आळशी' म्हणूनच ओळखली गेली घरात. पाच मुलं वाढवली असं आपण म्हणतो तेव्हा ती कोणी कोणी मिळून वाढवली हेपण मोजा. भारतातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला होता, त्यात बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनचं प्रमाण साधारण २२ टक्के निघालं. शंभरात बावीस बाया. तुमच्या ओळखीतल्यापण असणार त्यात.

आता खोबरे तुझ्याकडे येते. मला पहिल्या मुलाच्या वेळी झालं होतं, तो आता ९ वर्षांचा आहे आणि आत्ता माझ्या मागे उभा राहून काय टाईप करतेस विचारतोय.

तुझी पोस्ट मी दोनदा वाचली. शेवटच्या परिच्छेदात 'मीच' किती वेळा आलंय बघ. मीच विसरले, मीच कॅश नेली नाही, मीच गर्दीच्या वेळी गेले. डॉक्टरांनी तुला तो १० प्रश्नांचा कागद भरायला दिला असेल ना, एडिंबरो स्केल म्हणतात, १९८७ पासून वापरात आहे. त्यातला तिसरा प्रश्न साधारण असाच आहे, काही बिघडलं की तुम्ही विनाकारण स्वतःला दोष दिलात का. मला तो वाचून राग आला होता. विनाकारण कुठे, माझीच चूक असते की सगळी, असं मी चक्क डॉक्टरांना ऐकवलं होतं. त्या नुसत्या बघत राहिल्या माझ्याकडे.

माझ्या वेळी सुपरमार्केट नव्हतं, रिक्षावाला होता. 'मॅडम पोरगं रडतंय, दूध नाही का पाजत' म्हणाला, बस एवढंच. मी ते वाक्य ३ आठवडे घोळवत होते. आंघोळ करताना, पोळ्या लाटताना, रात्री दोनला पाजताना. त्याला काय उत्तर द्यायला हवं होतं त्याची भाषणं तयार केली होती मी. एरवी रिक्षावाल्याशी मी मीटरवरून असली भांडते की नवरा दुसरीकडे बघतो. म्हणजे त्याचं बोलणं आगाऊच होतं पण ते आत जाऊन जितकं मोठं झालं तितकं ते नव्हतं, ते माझ्या आजाराने फुगवलं होतं. तुझंही तसंच असेल असं मला वाटतं, ती मुलगी वाईट वागली ते खरंच आहे आणि तुला दहापट लागलं तेही खरंच आहे, यातलं एक खरं मानायला दुसरं खोटं ठरवायची गरज नाही.

एक काळजीपोटी विचारते. बेल वाजली तरी गोळा येतो म्हणालीस, १२ दिवस घराबाहेर नाही म्हणालीस. हे पुढच्या आठवड्यापर्यंत ठेवू नकोस, उद्याच क्लिनिकला फोन करून सांग, डोस बघायचा असेल तर बघतील. माझं तेव्हा थायरॉईडपण बिघडलेलं निघालं होतं, ते तपासलं नसेल तर विचार. आणि त्या कागदावरचा दहावा प्रश्न आठवतो ना, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का हा. तसं काही, किंवा बाळाबद्दल वेडेवाकडे विचार कधी आले तर फोन करत बसू नकोस, नवऱ्याला उठव आणि थेट हॉस्पिटल गाठ, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. नुसतं कोणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६, सरकारची टेली-मानस लाईन आहे, फुकट आहे, रात्रीपण चालू असते, मराठीत बोलता येतं. मी बहिणीसाठी लावलाय एकदा, थांबायला लागलं थोडं पण बोलल्या त्या बाई नीट.

गृहपाठाची लाज कसली. पडलीस तिथे डॉक्टरांना दाखवायलाच तर जायचंय.

---

रात्रपाळी

पुरुष बोललेला चालेल का. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी सेम. बायको म्हणायची त्या दुकानात नको आणि मी पण तुमच्या मिस्टरांसारखं विषय सोड म्हणायचो. मला वाटायचं मी धीर देतोय. एकदा तीच चिडून म्हणाली तू दुकानाबद्दल बोलू नकोस, तू फक्त माझ्यासोबत चल आणि गप्प उभा राहा. गेलो. गप्प उभं राहणं लय अवघड असतं बरं का, हात शिवशिवतात पुढे होऊन पैसे द्यायला. तिसऱ्या वेळी ती म्हणाली आज पार्किंगमध्येच थांब. हे त्यांना वाचायला द्या, शिफ्ट मला माहितीय, सेकंड शिफ्ट असली की सकाळ मोकळी असते.

झोपेचं_खोबरं

सगळ्यांचं वाचलं, एकेकाला उत्तर द्यायचं त्राण नाहीये आत्ता, पण वाचलं. बिल होल्ड करता येतं हे वाचून मी खूप रडले, का ते मलाच सांगता येणार नाही. १२ दिवस मला वाटत होतं माझ्यामागची ६ माणसं माझ्यामुळे ताटकळली.

क्लिनिकला फोन केला. उद्या बोलावलंय. दहाव्या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे, काळजी करू नका.

---

झोपेचं_खोबरं

९ दिवसांनी परत लिहितेय. डॉक्टरांनी डोस थोडा वाढवला, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन करायला सांगितलं, हिमोग्लोबिन ९ निघालं, लोहाच्या गोळ्या चालू. गृहपाठ झाला नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या तीन दिवस गेलीस ना, ते मी धरलेत.

बुधवारी गेलो. हा सेकंड शिफ्टला होता, घरून निघतानाच सांगितलं, गप्प राहायचं. टेबलावरच्या बाईला पाठ केलेलं वाक्य म्हटलं, 'बाळाची पिशवी आहे, पट्टी नको, जाताना तपासा.' घरी आरशासमोर चार वेळा म्हणून बघितलेलं. तिने मान वरसुद्धा केली नाही, हात हलवून गार्डला खूण केली. तोच गार्ड होता. त्याने पिशवीत डोकावलं, वरच वापरलेला डायपर गुंडाळून ठेवलेला, मागेच सरकला. मला हसू आलं तिथे.

तीन वस्तू घ्यायच्या ठरवलेल्या, रवा, साबण, आणि ह्याचा दाढीचा फोम. काऊंटरवर तीच मुलगी. माझे कान गरम झाले, मागे वळून बघितलं तर हा छताकडे बघत उभा, इतका गप्प की माणसाला संशय यावा. ती म्हणाली मोबाईल नंबर, मी सांगितला. कॅरीबॅग, नको. २१६ रुपये, मी सुट्टे दिले. काऊंटर_नंबर_चार, तुम्ही पैज हरलात, हसली वगैरे काही नाही. पण तिने पोरीकडे एकदा बघितलं आणि 'किती महिन्यांची' विचारलं, मी पाच म्हटलं, तोवर मागच्याचं तेल ती स्कॅनपण करायला लागली होती. मी तिला अजिबात आठवत नव्हते.

घरी येऊन दोन तास झोपले, दोघी.

भाजी मात्र अजून हातगाडीवाल्या मामांकडूनच घेतेय. वजनकाट्याच्या बाजूला जायचं धाडस नाही झालं, तिथे तो मुलगा होता आणि त्याच्यासमोर चार बायका.

काऊंटर_नंबर_चार

आमचा काट्यावरचा मुलगा साडेअकराला चहाला जायचा, बाया त्याची वाट बघत साठायच्या. सगळीकडे तसंच असतं. पावणेबाराला जा. आणि टोमॅटो आधी तिथेच ठेव, मग बाकीचं घे, म्हणजे विसरायला होत नाही. पैजेचे वडापाव नाशिकला आले की.